शांततामय परिवर्तन आणि नीती : कार यांच्या सिद्धान्ताची मालेगावच्या संदर्भात परीक्षा

१

ई. एच. कार यांचा ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हा ग्रंथ १९३९ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी प्रारंभी प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात त्याला तेव्हा जे स्थान मिळाले ते आजही ढळलेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ, करार आणि लोकमत यांच्या बळावर जगात शांतता नांदेल असे मानणाऱ्यांना कार स्वप्नवादी म्हणतात, आणि त्यांच्या स्वप्नामागे विजेत्या राष्ट्रांचे हितसंबंध कसे दडलेले होते हे ते निर्दयपणे दाखवून देतात. एवढ्यावरून कार हे केवळ सत्तेचे उपासक होते असा समज अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. निव्वळ वास्तववाद मनुष्याला कृतीचे कोणतेही प्रयोजन देऊ शकत नाही, हेही त्याच ग्रंथात तितक्याच स्पष्टपणे सांगितलेले आहे. नीती आणि सत्ता या दोहोंची सांगड घातल्यावाचून राजकारण उभे राहत नाही, हा त्यांचा मूळ सिद्धान्त होय.

या सिद्धान्ताची खरी कसोटी लागते ती शांततामय परिवर्तनाच्या प्रकरणात. कार यांचे म्हणणे थोडक्यात असे : तह हे बहुधा जेत्यांनी लादलेले असतात, म्हणून ‘तह पाळा’ हा उपदेश नीतीच्या वेषात आला तरी तो यथास्थितीच्या लाभधारकांनाच सोयीचा असतो. परिवर्तनाची मागणी करणाऱ्यावर जितकी नैतिक जबाबदारी आहे तितकीच ते नाकारणाऱ्यावरही आहे. देशांतर्गत व्यवहारात मालक आणि कामगार यांच्यात संप, संपाची धमकी आणि वाटाघाटी यांच्या द्वारे बदल घडून येतो. त्या वाटाघाटींच्या पाठीशी बळ असते. पण काय रास्त आहे याविषयी दोन्ही पक्षांत काही एक समान समजही असते. राष्ट्राराष्ट्रांमधील बदलही याच वाटेने व्हावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

युक्तिवाद आकर्षक आहे. तथापि त्याला जडलेले एक व्यंग ग्रंथाच्या इतिहासातच नोंदले गेले आहे. १९३८ च्या सप्टेंबरातील म्यूनिकचा करार हा अलीकडच्या काळात शांततामय परिवर्तनाच्या सर्वांत निकट पोचलेला व्यवहार होय, अशा आशयाचे विवेचन पहिल्या आवृत्तीत होते. महायुद्धानंतर, १९४६ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून ते वगळण्यात आले. लेखकाने आपले मत बदलणे यात गैर काहीच नाही. प्रश्न असा की, जो निर्णय सात वर्षांत पुसावा लागला तो कोणत्या मापाने केलेला होता? ते माप नीतीचे असते तर चेकोस्लोव्हाकियाला वाटाघाटीच्या मेजावर जागाच मिळाली नव्हती ही गोष्ट १९३८ सालीही तितकीच सत्य होती. हिटलर पुढे काय करील हे कळण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

या व्यंगाची परीक्षा म्यूनिकसारख्या बहुचर्चित उदाहरणावर पुष्कळदा झालेली आहे. तीच परीक्षा महाराष्ट्रातील एका विणकरांच्या गावावर करून पाहिली असता काही निराळे निष्कर्ष हाती लागतात. ते गाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, आणि प्रसंग एप्रिल १९२१ चा.

२

मालेगावचा बाह्य जगाशी संबंध त्या वर्षी प्रथमच आला असे नाही. मोसम नदीच्या काठी नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधलेला भुईकोट १८१८ साली इंग्रजांनी वेढा घालून घेतला, तेव्हा तो लढविणाऱ्यांत अरब शिबंदी होती. पुढे उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः १८५७ नंतरच्या काळात, मोमीन विणकरांची कुटुंबे मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आली आणि या गावात स्थिरावली. हातमागावरील लुगडी हा गावाचा मुख्य धंदा बनला. लँकेशायरचे कापड, १८५७ चे बंड, दुष्काळ यांसारख्या दूरच्या घडामोडींचे परिणाम या वस्तीच्या जडणघडणीतच मुरलेले होते. त्यामुळे तुर्कस्तानच्या तहाचा प्रश्न येथील मागावर येऊन बसला यात आश्चर्य नाही.

तो प्रश्न मुळात वचनभंगाचा होता. ५ जानेवारी १९१८ रोजी ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी कामगार संघटनांच्या प्रतिनिधींसमोर भाषण केले. तुर्कस्तानची राजधानी, अथवा बहुसंख्य तुर्की वस्तीचे आशिया मायनर आणि थ्रेस हे प्रांत हिरावून घेण्यासाठी ब्रिटन लढत नाही, असे त्यांनी त्यात जाहीर केले. फेब्रुवारी १९२० मध्ये पार्लमेंटात बोलताना त्यांनीच मान्य केले की, या घोषणेनंतर हिंदुस्थानातील सैन्यभरती वाढली. म्हणजे घोषणा ही निव्वळ सदिच्छा नव्हती. तिच्या मोबदल्यात माणसे घेतली गेली होती. १० ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या सेव्हरच्या तहाने पूर्व थ्रेस ग्रीसकडे गेला, स्मर्ना ग्रीक कारभाराखाली आले, आर्मेनियाचे स्वतंत्र राज्य कागदावर निर्माण झाले, आणि कॉन्स्टंटिनोपल तुर्कांकडे राहिले तरी सामुद्रधुनींवर परक्यांचे नियंत्रण बसले.

गांधीजींनी खिलाफतीचा पक्ष घेतला तो मुख्यतः या वचनभंगाच्या आधारावर. नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेत त्यांनी भाग घेतला. मार्च १९२० मध्ये मौलाना महंमद अली यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ लॉइड जॉर्ज यांना भेटून रिकाम्या हाताने परतले. आणि १ ऑगस्ट १९२० पासून असहकार सुरू झाला. कार यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा एका परतंत्र देशातील प्रजेने पुकारलेला आंतरराष्ट्रीय संप होता. तहात बदल व्हावा म्हणून तहाच्या कर्त्याला सहकार्य नाकारण्याचा असा प्रयोग यापूर्वी क्वचितच झाला असेल.

३

मालेगावात खिलाफतीचे स्वयंसेवक दल उभे राहिले. सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे बाळगू नयेत असा हुकूम सरकारने काढला, आणि तो मोडल्याबद्दल काही स्वयंसेवकांवर खटला झाला. त्यातून उद्भवलेला क्षोभ २५ एप्रिल १९२१ रोजी दंगलीच्या रूपाने बाहेर पडला. जमावाने एका फौजदाराला ठार मारले, जाळपोळ झाली. पुढे खटले चालले, अनेकांना शिक्षा झाल्या आणि काहीजण फासावर गेले. सरकारी कागदपत्रांत ते दंगेखोर ठरले. गावाच्या स्मृतीत ते हुतात्मे आहेत.

या दोन शब्दांपैकी एकाची निवड करून प्रकरण मिटविणे सोपे आहे, आणि बहुतेक लिखाण तेच करते. टीकाकाराचे काम त्याहून अवघड आहे. परकीय सत्तेच्या न्यायालयाने दिलेली फाशी न्याय्य होती असे मानण्याचे बंधन कोणावर नाही. पण तेवढ्याने फौजदाराचा खून न्याय्य ठरत नाही. सेव्हरच्या तहाशी त्या फौजदाराचा संबंध काय होता? तह त्याने केला नव्हता, वचन त्याने मोडले नव्हते. ब्रिटन आणि तुर्कस्तान, खलिफा आणि साम्राज्य, अशा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या खतावणीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता. आंतरराष्ट्रीय नीतीचा विचार राष्ट्र हेच एकक धरून चालतो. आणि बदलाची किंमत प्रत्यक्षात ज्याने मोजली तो मनुष्य त्या हिशेबातून गळून पडतो. ही उणीव लॉइड जॉर्ज यांच्या हिशेबात आहे, जमावाच्या हिशेबात आहे, आणि कार यांच्या सिद्धान्तातही आहे.

‘यंग इंडिया’त गांधीजींनी या घटनेविषयी जे लिहिले त्याचे महत्त्व येथे आहे. चिथावणी झाली होती की नव्हती या वादात त्यांनी आश्रय घेतला नाही. कितीही चिथावणी असली तरी अहिंसेची प्रतिज्ञा घेतलेल्यांनी ती मोडली, असा ठपका त्यांनी असहकारितेच्या पक्षावरच ठेवला. ध्येयाच्या न्याय्यतेतून साधनाला सूट मिळत नाही हा त्या लेखनाचा गाभा होय.

४

आता कार यांचे माप लावून पाहावे. तहाच्या बदलाचा पुढील इतिहास असा आहे. मार्च १९२२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या सरकारनेच तार करून सेव्हरच्या तहाची पुनर्घटना मागितली : कॉन्स्टंटिनोपलमधून सैन्य काढावे, पवित्र स्थळांवर सुलतानाचे अधिराज्य मान्य व्हावे, थ्रेस आणि स्मर्ना तुर्कांना परत मिळावेत. भारतमंत्री माँटेग्यू यांनी मंत्रिमंडळाची संमती न घेता ती तार प्रसिद्ध केली आणि त्यांना अधिकारपद सोडावे लागले. त्यानंतर मुस्तफा केमाल यांच्या सैन्याने ग्रीकांचा पराभव केला, सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना तुर्कांच्या हाती आले आणि त्याचा मोठा भाग जळून खाक झाला. २४ जुलै १९२३ च्या लोझानच्या तहाने थ्रेस आणि स्मर्ना तुर्कांना मिळाले, आर्मेनियाचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले, आणि लोकसंख्येच्या अदलाबदलीत सुमारे १२ लाख ख्रिस्ती व ४ लाखांच्या आसपास मुसलमान आपल्या घरादाराला मुकले. ज्या खलिफासाठी हिंदुस्थानात चळवळ झाली त्याचे पद तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेनेच ३ मार्च १९२४ रोजी रद्द केले.

परिणामावरून नीती ठरवावयाची तर या क्रमात मालेगावच्या घटनेचा निर्णय दर वर्षी बदलावा लागेल. माँटेग्यूंची तार वाचणाऱ्यास वाटेल की दडपणाचा उपयोग झाला. लोझानचा तह पाहणाऱ्यास वाटेल की काम तलवारीने केले, असहकाराने नव्हे. आणि १९२४ चा वाचक म्हणेल की सगळाच खटाटोप निरर्थक होता. पण फौजदाराला मारावे की न मारावे हा प्रश्न २५ एप्रिल १९२१ रोजीच उभा होता, आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी हवे होते. परिणामाची वाट पाहणारी नीती ज्या क्षणी हवी त्या क्षणी गैरहजर असते. कार यांना म्यूनिकचे विवेचन पुसावे लागले ते याच कारणाने. मालेगावसंबंधीचा गांधीजींचा निर्णय मात्र १९२२ साली, १९२३ साली किंवा १९२४ सालीही बदलण्याचे कारण पडले नाही.

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. ‘गीतारहस्या’त (१९१५) लोकमान्य टिळकांनी पुष्कळांच्या पुष्कळ सुखाचा पाश्चात्त्य हिशेब तपासून असे दाखविले की, कर्माचे बाह्य फळ मोजून नीतीचा निर्णय पुरा होत नाही, कर्त्याच्या बुद्धीचा विचार करावाच लागतो. टिळक आणि गांधीजी यांच्यात जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त जो वाद झाला त्यात टिळकांनी राजकारण हा साधूंचा व्यवहार नव्हे आणि जशास तसे वागणेही शास्त्राला मान्य आहे, अशी बाजू घेतली होती. साधनांविषयी दोघांत एवढे अंतर होते. तरीही फळ हीच एकमेव कसोटी नव्हे याविषयी दोघे एका बाजूला येतात, आणि कार दुसऱ्या बाजूला राहतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

५

गांधीजींच्या भूमिकेवरील सर्वांत गंभीर आक्षेप राइनहोल्ड नीबर यांनी ‘मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी’ (१९३२) या ग्रंथात घेतला आहे. अहिंसक प्रतिकार हीसुद्धा सक्तीच आहे, असे नीबर म्हणतात. विलायती कापडावरील बहिष्काराने मँचेस्टरच्या कामगारांची निरपराध मुले अर्धपोटी राहतात. हिंसा व अहिंसा यांतील फरक त्यांच्या मते मूलभूत नसून तारतम्याचा आहे.

मालेगावच्या बाजूने पाहिले म्हणजे या आक्षेपाची एक मर्यादा दिसते. नीबर यांचा हिशेब बहिष्काराच्या दिवसापासून सुरू होतो. ज्या विणकरांचे पूर्वज विलायती कापडाच्या लोंढ्यात सापडले त्यांचा हिशेब त्याच्या शंभर वर्षे आधी सुरू झालेला होता. तथापि एका अन्यायाने दुसऱ्या उपासमारीची वजाबाकी होत नाही. तेव्हा नीबर यांचे म्हणणे एवढ्याने निकालात निघत नाही. त्याला खरे उत्तर आहे ते कार यांनीच सुचविलेल्या संपाच्या उपमेत. संप नैतिक ठरतो तो कोणत्या कारणाने? संपकऱ्याची मजुरी प्रथम बुडते; दुसऱ्याचे नुकसान होते ते त्याने आपली सेवा काढून घेतल्यामुळे, त्याच्यावर हात टाकल्यामुळे नव्हे; आणि संप चालविणाऱ्याला तो थांबविताही येतो. ज्या दडपणात या तीन गोष्टी आहेत ते, आणि ज्यात नाहीत ते, यांतील अंतर तारतम्याचे म्हटले तरी पुरेसे मोठे आहे. विदेशी कापड न घेणारा ग्राहक आणि फौजदारावर धावून जाणारा जमाव यांना एका मापात बसविता येत नाही. कार यांनी संपाची उपमा घेतली, परंतु संपाला नीतिमत्ता कशाने येते याचा शोध घेतला नाही. म्हणून त्यांच्या हाती बळ आणि सवलत एवढेच उरले.

याच तीन कसोट्या गांधीजींनाही लावणे न्यायाचे होईल. तिसऱ्या कसोटीवर त्यांचे १९२१ चे वर्तन पूर्णपणे उतरत नाही. मालेगावनंतर त्यांनी निषेध केला, पण चळवळीच्या क्रमात बदल केला नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये युवराजांच्या आगमनप्रसंगी मुंबईत दंगल झाली तेव्हा त्यांनी उपोषण केले आणि बारडोलीचा कायदेभंग पुढे ढकलला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला पोलीस ठाणे जाळले गेले तेव्हा तो मागेच घेतला. मालेगावच्या वेळी सामुदायिक कायदेभंग सुरू झालेला नसल्यामुळे मागे घेण्यासारखे फारसे नव्हते, हे खरे. तरीही एका गावातील खुनाला शब्दांनी उत्तर मिळाले आणि दहा महिन्यांनी तशाच प्रकारच्या गुन्ह्यासाठी सारा देश थांबविण्यात आला, हा फरक उरतोच. तत्त्व एप्रिलमध्ये सांगितले गेले. त्याची किंमत फेब्रुवारीत मोजली गेली.

दुसरी उणीव याहून खोल आहे. साधनांच्या बाबतीत गांधीजींची कसोटी कठोर होती. साध्याच्या बाबतीत ती उसनी होती. मुसलमान बांधवांच्या श्रद्धेला खिलाफत प्राणप्रिय आहे, आणि वचन दिले गेले आहे, या दोन आधारांवर त्यांनी मागणी स्वीकारली. पण १९१६ साली शरीफ हुसेन यांच्या नेतृत्वाखाली अरबांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला होता. १९१५ पासून आर्मेनियन लोकांची जी कत्तल झाली ती जगापुढे होती. अरब आणि आर्मेनियन यांना स्वायत्ततेची हमी देऊन तुर्की अधिराज्य राखता येईल असे गांधीजींचे उत्तर होते. ते उत्तर त्या लोकांना विचारून दिलेले नव्हते. स्वतः तुर्कांना खलिफा हवा आहे काय, याचीही चौकशी झाली नाही. ती १९२४ साली अंगोऱ्याने केली. या ठिकाणी कार उपयोगी पडतात. नीतीच्या नावाने केलेल्या मागणीमागे कोणाची इच्छा आहे आणि कोणाची गृहीत धरली आहे, हे विचारण्याची शिस्त त्यांनी अभ्यासकांना लावली. ती शिस्त खिलाफतीच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःच्या मागणीला लावली असती तर चळवळ कदाचित लहान झाली असती, पण १९२४ साली तिच्या पायाखालची जमीन अशी एकाएकी सरकली नसती.

६

तात्पर्य, कार यांचा सिद्धान्त अपुरा आहे, खोटा नाही. तह पवित्र नसतात, यथास्थिती टिकविणे हेही एक कृत्यच आहे आणि त्याचाही जाब द्यावा लागतो, हा त्यांचा विचार सेव्हरच्या उदाहरणाने पुष्ट होतो. वेळीच दुरुस्ती झाली असती तर स्मर्नाची आग आणि १६ लाखांच्या आसपास माणसांचे निर्वासन टळले असते असे मानण्यास आधार आहे. परंतु नीती म्हणजे सत्तेने समजूतदारपणे दिलेली सवलत, एवढ्यापुरताच त्या शब्दाचा अर्थ संकुचित केला म्हणजे दोन प्रश्न अनुत्तरित राहतात : बदलाची किंमत कोण मोजणार, आणि ज्यांच्या नावाने बदल मागितला जातो त्यांना कोणी विचारले आहे काय? म्यूनिकमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर चेकोस्लोव्हाकिया होते आणि दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी होते. मालेगावात पहिल्याचे उत्तर एक फौजदार आणि काही फासावर गेलेले गावकरी असे आहे. दुसऱ्याचे उत्तर येथेही नकारार्थीच आहे.

आंतरराष्ट्रीय राजकारणाचे ग्रंथ राजधान्यांत लिहिले जातात आणि त्यांतील उदाहरणेही राजधान्यांचीच असतात. एका विणकरांच्या गावाने त्या ग्रंथांच्या तपासणीसाठी पुरावा पुरवावा, यात गावाचा गौरव करण्याचा हेतू नाही. तहाची कलमे राजधान्यांत ठरतात, पण त्यांचा नैतिक हिशेब अशाच ठिकाणी पुरा होतो. आणि तेथे मेलेल्या माणसाचे नाव ज्या सिद्धान्तात मावत नाही तो सिद्धान्त, कितीही सूक्ष्म असला तरी, अर्धाच राहतो. दंगेखोर आणि हुतात्मा या दोन शब्दांच्या पलीकडे जाऊन मालेगावचा एप्रिल १९२१ वाचण्याचे काम प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांइतकेच राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचेही आहे.